सोळावर थांबलेली रिंग

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या पोरांचं प्रॅक्टिकल घेत होतो. लंबकाचे झोके मोजणं चालू होतं. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मी "बरं" म्हणालो. खरंच, बरं म्हणालो. मग समोरच्या पोरानं पंचवीसऐवजी चोवीसच झोके मोजले म्हणून त्याला झापलं, अख्खं कोष्टक पुन्हा लिहायला लावलं, आणि तास संपल्यावर प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसलो तेव्हा कुठं ती काय म्हणाली ते कळलं. ह्याला आता सात आठवडे होत आले. ह्या सात आठवड्यांत मी एका जागी दहा मिनिटं नीट बसलो असेन असं वाटत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून व्हरांड्यात जाऊन आलो. व्हरांड्यात किशनची सायकल असायची.

किशन, प्रज्ञाचा बाप, माझा शाळेपासूनचा मित्र. आम्ही दोघंही ताडकळसचे, एका बाकावरचे. त्याचे वडील आठवडी बाजारात व्यापाऱ्यांचे तराजू दुरुस्त करायचे. किशननं पुढं रीतसर परवाना काढला आणि मानवतला दुकान टाकलं, कारण कापूस आणि धान्याचा व्यापार तिथं, म्हणून काटेही तिथंच. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे. वापरून वापरून वजन झिजतं, मग दुरुस्ती करणारा शिसं वाढवून ते पुन्हा नेमकं करतो आणि सरकारी निरीक्षक त्या शिशावर शिक्का मारतो. हे काम किशननं तीस वर्षं केलं. एका बड्या व्यापाऱ्यानं एकदा "थोडं हलकं सोड" असं हसत हसत सुचवलं, तर ह्यानं हातातली हातोडी पिशवीत टाकली आणि दुकानाबाहेर पडला. त्यानंतर त्या गल्लीतला चहासुद्धा तो प्यायला नाही.

माझ्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं हॉलच्या कोपऱ्यातला, पायानं उभं राहायचा काटा पाहिला, त्यावर हातातल्या वजनांची पिशवी ठेवली आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, हा दीड किलो जास्ती दावायलाय." बायकोचा आनंद गगनात मावेना. दीड किलो बसल्या जागी उतरलं! पण तिनं त्यालाच काट्यावर उभं राहायचा आग्रह केला तेव्हा तो दारापर्यंत मागं सरला. स्वतःचं वजन तो कधी करत नसे. काटा गिऱ्हाइकासाठी असतो म्हणायचा. पोलीस भरतीला गेला होता तेव्हा बहात्तर भरला होता, पुढं छातीच्या मापात बाद झाला, पण बहात्तर हा आकडा त्यानं जन्मभर सांभाळला. कुणी विचारलं की बहात्तर. आणि वजनाच्या बाबतीत किशनचा शब्द म्हटल्यावर पुन्हा मोजून पाहायची आमच्यात कुणाची प्राज्ञा नव्हती.

सायकलीचं वेड खरं तर माझं. पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितली, मी सायकल घेतली आणि एकट्याला कंटाळा येतो म्हणून किशनला ओढलं. दोन वर्षांत तो माझ्या पुढं निघून गेला. त्यानं पुण्याच्या एका संगणकवाल्याची जुनी डोंगरातली सायकल घेतली. पुढं तर धक्के झेलणारा शॉक होताच, पण मागंही होता. मानवतचं त्याचं घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, म्हणून ती सायकल माझ्याच व्हरांड्यात राहायची. दर रविवारी सकाळी तो पाठीला बॅग लावून परभणीला यायचा आणि आम्ही पिंगळीच्या बाजूला कालव्याच्या रस्त्यानं निघायचो. कधी एखाद्याच्या पिकअपमध्ये सायकली टाकून जिंतूरकडच्या डोंगरात. सायकल आली त्या दिवशी तो चालवायचं सोडून अर्धा तास तिच्यामागं उकिडवा बसला होता. सीट हातानं दाबायचा, सोडायचा. चाक वर आलं की एक आडवी पट्टी मधल्या खिळीवर फिरते आणि दुसऱ्या टोकानं शॉकला दाबते, ते पाहायचा. "मास्तर," तो मला कायम मास्तरच म्हणायचा, "ही तर तराजूची दांडी हाय की रं." त्या पट्टीला सायकलवाले लिंक म्हणतात.

जुन्या लिंकची भोकं पुढं झिजली. पुण्यातला एक कारागीर त्याच मापाची, पण सुधारलेली लिंक ॲल्युमिनियममध्ये कातून देतो असं कळलं. एक भोक थोडं सरकवलेलं, त्यामुळं मोठ्या खड्ड्यात शॉक एकदम तळाला जाऊन आदळत नाही, शेवटी शेवटी कडक होत जातो. किशननं ती मागवली. ती आली त्या रविवारी आम्ही कुठंच गेलो नाही. माझ्या अंगणात चादर अंथरून सकाळभर खोलणं-जोडणं चाललं. बेअरिंग बसवताना तो श्वास रोखून धरायचा आणि मी बाजूला बसून सूचना द्यायचो, ज्यांची त्याला गरज नव्हती.

दांडीचं भोक सरकलं की जुनी हवा चालत नाही, सगळं पहिल्यापासून लावावं लागतं. ह्या शॉकमध्ये स्प्रिंग नसते, हवा असते, आणि ती चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणं भरायची असते. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक काळी रबरी रिंग असते. माणूस सायकलवर बसला की शॉक थोडा दबतो. तो शांत बसलेला असताना रिंग सरकवून कडेला टेकवायची, माणसानं हळूच उतरायचं आणि रिंग किती लांब गेली ते मोजायचं. आमच्या शॉकला सोळा मिलिमीटर यायला हवे होते. अट एकच, बसायचं ते सगळा सरंजाम घालून. बूट, हेल्मेट, पाठीवर पाण्यासकट बॅग. किशननं भिंतीला हात टेकला, दोन-तीनदा उड्या मारल्यासारखं केलं आणि फोटो काढायला बसावं तसा ताठ बसला. मी छोट्या पंपानं हवा कमी-जास्त करत गेलो. एकशे ऐंशी पौंड दाबावर रिंग सोळावर आली. मी व्हर्नियरची मोजपट्टी लावून मोजलं आणि वहीत लिहिलं… किशन, बहात्तर किलो, १८०, १६. दुपारी उन्हात तो एकटाच कालव्यावर एक चक्कर मारून आला. परत आला तो नुसता हसत होता. एवढा खूश मी त्याला प्रज्ञाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मी पक्का मास्तर. त्यानंतर दर रविवारी निघण्याआधी बसायचा कार्यक्रम मी ठरवूनच टाकला. महिन्याभरानं रिंग पंधरावर आली. हवा मोजली, एकशे ऐंशी. पुढच्या वेळी साडेचौदा. मग चौदा पॉइंट दोन. शॉक दबायला हवा तेवढा दबत नव्हता. माझी चिडचिड सुरू झाली. मी लिंक खोलली, बेअरिंगला ग्रीस भरलं, बोल्ट मोजून आवळले. पंप खराब असेल म्हणून दुसरा पंप मागवला. रिंग बदलली. पुण्याच्या त्या कारागिराला फोन करून भोक चुकीच्या जागी पाडलंय असं ठणकावून सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "सर, चालवणाऱ्याचं वजन एकदा बघा ना." मी त्याला वजनाचं काय सांगतोस म्हणालो, चालवणारा वजनाचाच माणूस आहे. फोन ठेवून तरी किशनला विचारलं, किती रे वजन तुझं? तो बूट बांधत होता. वर न बघता म्हणाला, "बहात्तर."

ह्या एका शब्दावर मी थांबलो. घरात काटा होता, दहा पावलांवर. तो दीड किलो जास्त दाखवतो हेही मला माहीत होतं. शाळेतल्या पोराला मी सांगतो की उत्तर चुकतंय तर सगळ्यात आधी ज्यावर तुझा सगळ्यात जास्त विश्वास आहे ते तपास. आणि मी लोखंड तपासलं, रबर तपासलं, हवा तपासली. माणूस समोर बसला होता, त्याच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली मला आता आठवते. तेव्हा दिसली असेल, पण माझी नजर व्हर्नियरवर होती.

लिंक परत पाठवून द्यायची, असा निर्णय मी जाहीर केला. किशननं तेवढ्यापुरता माझा हात धरला. "एक आठवडा थांब, मास्तर. नवी चीज हाय, बसंल जागेवर." पुढच्या रविवारी तो बॅग लावूनच आला, बॅग लावूनच चहा प्यायला आणि बॅग लावूनच सायकलवर चढला. रिंग सोळावर. बरोबर सोळा पॉइंट शून्य. त्याच्या पुढच्या रविवारीही सोळा. मी जिंकल्यासारखा नाचलो. ग्रीसनं काम केलं, मी म्हणत होतो ना! किशन म्हणाला, "तुझं डोकं लय चालतंय बघ." प्रयोगात इतकं नेमकं उत्तर पुन्हा पुन्हा आलं की मी पोरांना विचारतो, कुणाची वही बघितलीस? त्या दिवशी हा प्रश्न मला सुचला नाही.

त्या दिवसांत आम्ही जिंतूरच्या डोंगरात दोनदा गेलो. चढाला तो मागं पडायला लागला. मी वर पोचून झाडाखाली बसायचो आणि त्याला हाका मारून चिडवायचो, की आता वय झालं, आता बॅटरीची सायकल घे. तो एकेक पेडल मोजत वर यायचा, चेहरा पिवळसर, शर्ट घामानं चिकटलेला. बॅग मी धरतो म्हटलं तर देत नसे. उतारावर मात्र तो पूर्वीचाच किशन होता. दगडधोंड्यांतून सायकल सोडायचा आणि खाली जाऊन माझी वाट बघत उभा राहायचा. त्या उतारांसाठीच तो वर येत होता, हे मला उशिरा कळलं.

शेवटच्या रविवारी तो आला, सायकलवर बसला, मी रिंग मोजली, सोळा. मग तो उतरला आणि म्हणाला, "आज नको वाटायलंय. पुढच्या रविवारी जाऊ." बॅग व्हरांड्यातल्या खुंटीला अडकवली, बायकोनं दिलेले पोहे ताटात तसेच ठेवले आणि एसटीनं मानवतला गेला. पुढच्या रविवारी शिक्के मारायची कामं निघाली म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी प्रज्ञाचा फोन आला, की त्याला नांदेडला दवाखान्यात ठेवलंय. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि फार पुढं गेलेला. मी गेलो तेव्हा पलंगावर पांघरुणाखाली माणूस आहे की नाही असा प्रश्न पडावा एवढाच तो उरला होता. मी रागावलो. तिथंही रागावलो! सांगितलं का नाहीस म्हणून त्या मरणाऱ्या माणसावर आवाज चढवला. त्याची बायको, संगीता वहिनी, माझ्याकडं बघत राहिली. किशननं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर रविवार बंद केला असतास तू."

केला असता. लगेच केला असता, मला ओळखत होता तो. त्यानंतर नऊ दिवसांनी तो गेला.

मानवतला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बाजारातले झाडून सगळे व्यापारी आले होते, किशननं ज्याची गल्ली सोडली होती तो व्यापारीसुद्धा. दोन शब्द बोलायला मला उभं केलं आणि मी काहीतरी प्रामाणिकपणा वगैरे बोललो. शब्द ठीक होते, पण आत काहीतरी सारखं टोचत होतं, ते काय हे कळत नव्हतं. घरी आल्यावर मी सायकलीपाशी गेलो. शेवटच्या रविवारी फेरी झालीच नव्हती, त्यामुळं रिंग हललेली नव्हती. सोळावर होती. मी कुणाला सायकलीला हात लावू दिला नाही. झाडू मारणाऱ्या बाईवर ओरडलो. बायको म्हणाली, असं किती दिवस? मला कुठं माहीत होतं.

प्रज्ञा पिंगळीच्या शाळेत शिकवते, नवऱ्यासोबत परभणीतच राहते. पाच आठवड्यांनी ती आली. म्हणाली, सायकल मला द्या, मी शाळेत घेऊन जाईन, बाबांची नुसती उभी बघवत नाही. मला ते ऐकवेना, पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? सायकल तिच्या बापाची. तिनं खुंटीवरची बॅग काढायला हात घातला आणि बॅगेनं तिचा हात खाली खेचला. "काका, ह्याच्यात काय भरलंय?"

चेन उघडली. पाण्याची पिशवी कोरडी पडलेली. तिच्याखाली जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, एकमेकांवर आपटून आवाज होऊ नये म्हणून मध्ये कागद घातलेली लोखंडी वजनं. पाचाचं एक, दोनाची दोन, एकाचं एक. दहा किलो. मी एक उलटं केलं. बुडाचं शिसं चकचकीत होतं आणि त्यावर शिक्का होता. वजनं खरी होती.

प्रज्ञा खालीच बसली. म्हणाली, शिक्क्यांच्या वेळी ही वजनं दुकानात सापडेनात, आईनं सगळं घर उलटंपालटं केलं, तर बाबा म्हणाले होते, शोधू नको, मास्तरकडं हायत, त्याला प्रयोगाला लागायलेत. मग तिनं आणखी एक सांगितलं. माझ्या अंगणात रिंग पहिल्यांदा पंधरावर आली त्या संध्याकाळी ती माहेरी होती. तिनं बापाला जन्मात पहिल्यांदा दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभं राहिलेलं पाहिलं. तो उतरला, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा चढला. तिसऱ्यांदा चढला. तिनं विचारलं तर म्हणाला, "काटा बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता नांदेडला तपासणीला गेला होता.

म्हणजे त्याला ते मीच सांगितलं होतं. माझ्या व्हर्नियरनं. मी वहीत आकडा लिहून लिंकला शिव्या घालत होतो आणि तो भिंतीला हात टेकून सायकलवर बसल्या बसल्या सगळं समजून चुकला होता. मग जसजसा तो उतरत गेला, तसतशी बॅगेत भर टाकत गेला. आधी पाचाचं असेल, मग दोनाचं, मग… मी रोज हा हिशेब मांडतो. जिंतूरच्या चढाला किती होती? सात? नऊ? मी वर झाडाखाली बसून हाका मारत होतो तेव्हा तो अंगातली उरलीसुरली ताकद घेऊन लोखंड वर आणत होता, का, तर माझं उत्तर बरोबर यावं आणि मी रविवार बंद करू नये. ज्यानं तीस वर्षं कुणाला छटाकभर काटा मारू दिला नाही, त्यानं आयुष्यात एकदाच मारला, तोही मला. मला त्याचा राग येतो. झोपेतून उठून राग येतो. आणि राग उतरला की एवढी आठवण येते की उठून फेऱ्या मारायला लागतो. लवकर कळलं असतं तर वाचला असता का, हे मी एका डॉक्टरला विचारलं. ते म्हणाले, ह्या आजारात बहुधा नाही. त्यातला तो ‘बहुधा’ मला सोडत नाही.

परवाच्या रविवारी प्रज्ञा सायकल लावून घ्यायला आली. तिच्या वजनाला एकशे ऐंशी पौंड म्हणजे दगडावर बसल्यासारखं, हवा सोडणं भाग होतं. तिनं बूट घातले होते, हेल्मेट होतं, पाठीला तीच बॅग. बापानं तिला सरंजामाचं सांगितलं असणार. मी पंप हातात घेऊन उभा राहिलो आणि झडपेची टोपी काढवेना. आतली हवा त्याच्यासाठी भरलेली होती. प्रज्ञा सायकल धरून थांबली.

शेवटी मी घरातून पायाचा काटा आणला आणि तिला उभं केलं. साडेअठ्ठावन्न. दीड वजा, सत्तावन्न. वहीत तिचं नाव लिहिलं, किशनच्या ओळीखाली. त्याच्या पुढचा बहात्तर खोडला नाही.

"आता बसू का, काका?"

"थांब. आधी बॅग उघडून दाखव."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बॅग पाठीवरून काढली आणि चेन उघडून माझ्यापुढं धरली. पाणी, डबा, तपासायच्या वह्या. मी एकेक बाहेर काढून चादरीवर ठेवलं आणि बॅगेत तळापर्यंत हात घालून पाहिला.